आम्ही मोजणीवाले नाही

डहाणू तालुक्यात वाळवंट नाही, ही गोष्ट आमच्या कप्तानांना कोणीतरी वेळीच सांगायला हवी होती. पण धावणाऱ्यांच्या गटात सांगणारे कमी आणि अंगठा टाकणारे जास्त. रात्री अकरा वाजता त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर घोषणा केली, ‘यंदा आपली स्वतःची मॅरेथॉन! छोटी, निसर्गरम्य, डोंगराळ आणि वाळवंटी.’ सकाळी पाहतो तर खाली ओळीने अंगठे उमटलेले. त्यांत माझाही होता. अर्ध्या झोपेत मी खरेदीखतावरसुद्धा अंगठा उठवीन, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

कप्तान म्हणजे चिकूच्या वाडीचे मालक. चिकू आपोआप पिकतो, त्यामुळे त्यांना वेळ असतो. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, पुण्याची त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, आणि साताऱ्याची घाटातली २०१२ साली. या सगळ्यांची पदकं त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत. त्यांच्याकडे चहा मिळतो, पण तो मिळेपर्यंत पाहुण्याला यवतेश्वरचा घाट पूर्ण चढावा लागतो. परवा एका विमा एजंटाने चौथ्या वळणावरच पॉलिसीचा विषय सोडून दिला.

यंदा त्यांनी मोबाइलवर सहारातली शर्यत पाहिली. मोरोक्कोत १९८६ पासून भरते, सुमारे अडीचशे किलोमीटरची, आठवडाभर, स्वतःचं जेवण स्वतःच्या पाठीवर घेऊन. ते बघून त्यांची झोप उडाली आणि मग आमची.

नरपडच्या सुरूच्या बनात तातडीची बैठक भरली.

“वाळवंट कुठाय?” डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर आमच्या गटात धावायला नाहीत, धावणाऱ्यांना नंतर लागतात म्हणून आहेत.

“मार्चअखेर तलासरीच्या बाजूला जाऊन बघा. भातखाचरं तडकलेली, साग उघडे, ओहोळ कोरडे. काही पाड्यांवर टँकर येतो. आणखी काय पाहिजे?”

“वाळू?”

“एवढा किनारा पडलाय! वाळू डहाणूची घ्यायची, डोंगर तलासरीकडचे घ्यायचे. दोन तालुके मिळून एक वाळवंट.”

ज्या मुलखात जूनमध्ये उघडलेली छत्री गणपती गेल्याशिवाय मिटत नाही आणि कपाटातल्या कोटाला दरवर्षी हिरवी लव फुटते, तिथे हा माणूस वाळवंट मांडत होता. खरं रखरखीत काही हवं असेल तर महाराष्ट्रात माणदेश आहे. तिथल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. पण माणला जायचं तर प्रवासातच दिवस मोडतो, आणि कप्तानांना शर्यतीनंतरचा नाश्ता ओळखीच्या ठिकाणी हवा होता.

मग त्यांनी आम्हाला धीर यावा म्हणून मौरो प्रोस्पेरीची गोष्ट सांगितली. हा इटालियन गडी १९९४ साली सहारातल्या त्या शर्यतीत वाळूच्या वादळात चुकला. एका ओसाड दर्ग्यात त्याने आसरा घेतला, तिथली वटवाघळं धरून त्यांचं रक्त प्यायला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट शेजारच्या अल्जीरियात सापडला.

“आणि पुढे पुन्हा तिथेच पळायला गेला!” कप्तानांचे डोळे चमकले.

“आपल्या बाहरोटच्या डोंगरात गुहा आहेत,” डॉक्टर म्हणाले. “वटवाघळंही असतील. म्हणजे एक पाणपोई वाचली.”

खजिनदारांनी ते लिहून घेतलं.

अंतराचा प्रश्न निघाला. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा शेवटचा १९५ मीटरचा तुकडा आला कुठून? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंझर राजवाड्यातून सुटली आणि राजघराण्याच्या आसनासमोर संपवली, म्हणून भरलेलं हे माप. १९२१ साली तेच जगाला लागू झालं. राणीच्या खुर्चीपायी शंभर वर्षं जग १९५ मीटर जास्त पळतंय, आणि कोणी तक्रार करत नाही. आम्ही अर्धी मॅरेथॉन ठरवली, पण खुर्चीचं तत्त्व तेच ठेवलं. कप्तानांच्या मेहुण्यांची तलासरीच्या बाजूला वाडी आहे, आंब्याखाली खुर्च्या आहेत, तिथे पोहे होणार होते. शर्यत तिथे संपायची. मग ती किती किलोमीटरची होईल, हे मेहुण्यांच्या वाडीवर अवलंबून होतं. कप्तानांनी स्कूटरने मार्ग मोजला. स्कूटरचा मीटर घोलवडच्या पुढे बंद पडला, म्हणून राहिलेलं अंतर पेट्रोलवरून काढलं.

“आणि वेळ कोण मोजणार?” मी विचारलं.

या बाबतीत आपली परंपरा थोर आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती भरल्या, तेव्हा अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचं आलं. पण तेव्हा समितीतल्या एका बड्या सभासदाला विचारलं, की ऑलिंपिकला शंभर यार्ड किती वेळात पळावे लागत असतील? ते म्हणाले, “असेल एक-दोन मिनिटं.” दोराबजींनीच हे पुढे पत्रात लिहून ठेवलंय. हे गृहस्थ आज आमच्या गटात असते, तर वेगवान धावपटूंत माझं नाव निघालं असतं. तरीही पुढच्याच वर्षी, १९२० साली, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. पावणेतीन तासांहून थोडासाच अधिक वेळ लागला त्यांना. आमच्या शर्यतीत एकोणिसावं येणं अशक्य होतं. नावंच अठरा आली होती.

अठरा हा आकडा पोस्टरवर वाईट दिसेल म्हणून कप्तानांनी छातीवरचे क्रमांक १०१ पासून सुरू केले. मला १०७ मिळाला. या क्रमांकाने पुढे काय केलं ते येईलच.

टी-शर्टावर वारली चित्र असावं यावर मात्र एकमत झालं. गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते आमच्याच तालुक्यातले. त्यांच्यामुळे भिंतीवरची ही चित्रं जगभर गेली. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो, टोकाला टोक लावलेले, मध्ये कंबर नावापुरती. आमच्याकडच्या चित्रकार मुलाने गटाचा फोटो मागवला, बराच वेळ पाहिला, आणि मग एक गोल काढून त्याला पाय लावले.

“हा सूर्य का?” कप्तानांनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “हे तुम्ही.”

तयारीचं फार सांगत नाही. पळणाऱ्याने आधी कर्बोदकं साठवायची असतात असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात आणि रात्री तांदळाची भाकरी. मी जन्मापासून साठवतोच आहे, फक्त आजवर शर्यत लागली नव्हती. घड्याळाचा मात्र ताप झाला. हे नव्या प्रकारचं घड्याळ माणूस बसलेला पाहू शकत नाही. शेजारच्या आजोबांच्या शोकसभेत मी मान खाली घालून बसलो असताना ते थरथरलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘उठा! आता हालचाल करा!’ शेजारी मृताचा मुलगा बसला होता. त्याने ते वाचलं आणि तो उठून चहा सांगायला गेला.

शर्यतीचा रविवार उजाडला. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून विरार-बोरिवलीचे हौशी लोक आमच्याकडे चिकू, किनारा आणि मासे यांच्यासाठी येतात. यंदा त्यांतले सहा जण धावायलाही आले होते. लोकलमध्ये उभं राहून आले, त्यामुळे अर्धा व्यायाम झालेला. साडेपाचची सुरुवात सातपर्यंत लांबली, कारण प्रमुख पाहुणे झोपेतून उठले नव्हते. उठल्यावर त्यांनी आरोग्याचं महत्त्व या विषयावर भाषण केलं आणि गाडीत बसून परत झोपायला गेले.

आता वाळू. पहिला टप्पा समुद्रकाठच्या वाळूतून, सहाराची चव लागावी म्हणून. कप्तानांनी नकाशा पाहिला होता, हवामान पाहिलं होतं, वाऱ्याची दिशाही पाहिली होती. आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तर किनारा नव्हता. सुरूच्या मुळांपर्यंत पाणी.

जाळं झाडत बसलेल्या एका मांगेल्या काकांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

“तिथी बघितली नाही काय?” ते म्हणाले. “आज या वेळेला भरती आहे.”

“ओसरेल कधी?”

“ओसरेल की. जेवून या.”

कप्तान जेवायला थांबणारे नव्हते. त्यांनी शिट्टी फुंकली. वाळवंटी मॅरेथॉनचा पहिला टप्पा आम्ही गुडघाभर पाण्यातून पार केला. हजारो रुपयांच्या बुटांत, ज्यांच्या जाहिरातीत ते हवेइतके हलके असल्याचं म्हटलं होतं. पुढचा सगळा रस्ता त्यांतून आवाज येत राहिला, आणि चिखले गावची कुत्री प्रत्येक पावलाला उत्तर देत राहिली.

घोलवडला मोठी पाणपोई होती. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा परदेशी जेलच्या पुड्यांऐवजी चिकूच द्यायचा, हा कप्तानांचा स्वाभिमानी निर्णय. चिकू गोड असतो, ताकद देतो, सगळं खरं. पण चार चिकू खाऊन माणसाला पळावंसं वाटत नाही. त्याला पंख्याखाली आडवं व्हावंसं वाटतं. विरारच्या एका ताईंनी तर “वाडीला कुंपण आहे का हो? साप येतात का?” अशी चौकशी करून चादर मागितली.

खरा घोटाळा बोर्डीला झाला. तिथे कप्तानांनी नीरा ठेवली होती. नीरा ताडाची, पहाटे उतरवलेली, गार, गोड आणि सात्त्विक. पण नीरेला घड्याळ कळतं. सूर्य वर आला की ती आंबायला लागते, आणि उन्हात तर फारच मन लावून आंबते. कप्तानांचा हिशेब साडेपाचला सुटण्याचा होता. आम्ही सुटलो सातनंतर, त्यात समुद्र, त्यात चिकू. पुढे पळणाऱ्या तिघांना मिळाली ती जेमतेम नीरा होती. मधल्यांना काय मिळालं यावर मतभेद आहेत. आम्ही शेवटचे पोचलो, तेव्हा कॅनवर ‘नीरा’ लिहिलेलं होतं आणि आत स्वच्छ ताडी होती.

इतक्या आनंदाने शर्यतीत मागे पडलेली माणसं मी पाहिली नव्हती. पुढे गेलेल्यांपैकी एकजण मुद्दाम परत आला. बोरिवलीचे एक लेखापाल, जे सुरुवातीपासून कोणाशी एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी तीन पेले घेऊन मला आपल्या आयुष्यातल्या सगळ्या ताळेबंदांची हकिकत सांगितली. मग एकदम उठले, “आता मी रेकॉर्ड करतो,” म्हणाले आणि सुसाट निघाले. बोर्डीला उजवीकडे, आसवलीकडे वळायचं होतं. ते सरळ उत्तरेला गेले. पुढे झाई, आणि झाईच्या पुढे महाराष्ट्र संपतो. तासाभराने त्यांचा गटावर संदेश आला, ‘मोबाइल म्हणतो गुजरातमध्ये स्वागत आहे. मार्ग बरोबर आहे का?’ ज्या अवस्थेत ते होते त्या अवस्थेत दारूबंदीच्या राज्यात पळत शिरणारा माणूस एक तर फार शूर असतो किंवा लेखापाल. कप्तानांनी त्यांना आणायला रिक्षा पाठवली. तरी आज ते बोरिवलीत ‘आंतरराज्य धावपटू’ म्हणून भाषणं देतात.

आम्ही उरलेले आसवलीच्या धरणाच्या बाजूने बाहरोटच्या पायथ्याकडे वळलो. इथे खरोखर सुंदर होतं. पळस पेटलेले, धरणाचं पाणी निळं, डोंगराच्या करड्या घड्या. या डोंगरात पारशांच्या गुहा आहेत. संजाणवर स्वारी झाली तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, इथे वर आणला आणि बारा वर्षं विझू न देता जपला, असं ‘किस्से-इ-संजाण’ सांगतो. आज तो उदवाड्याला आहे. लोक जळता अग्नी घेऊन जो डोंगर चढले, तो मला पाण्याची बाटली घेऊन चढवेना. मी एका दगडावर बसलो आणि दृश्याचं कौतुक केलं. निसर्गरम्य शर्यतीचा हा फायदा असतो. थांबलं की दमलो असं म्हणावं लागत नाही, फोटो काढतोय म्हणता येतं. त्या चढावर आम्ही सगळ्यांनी भरपूर फोटो काढले.

बाजूने डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी आली. आमच्यापेक्षा बरीच भरभर चालत होती. आम्हाला बघून थांबली.

“एसटी चुकली काय?”

“नाही आजी, आम्ही असेच पळतोय.”

“दहाची येईल अजून. बसा निवांत,” आजी म्हणाली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

इथून पुढे मार्गावर फक्कीचे बाण असायला हवे होते. कप्तानांनी आदल्या संध्याकाळी माणूस पाठवून पांढरे बाण काढून घेतले होते. सकाळी एकही बाण नव्हता. कोणीतरी ते झाडून, वर पाणी मारून साफ केले होते. दोन वाटा फुटल्या तिथे आम्ही मतदान घेतलं. बहुमताने जी वाट निवडली, ती एका पाड्यात शिरली.

पाड्याच्या तोंडाशी तारपावाले बसले होते, ते आमचेच. शहरातल्या मॅरेथॉनला वाटेत ढोल-बिल वाजवतात, तसं प्रोत्साहन म्हणून कप्तानांनी ठरवलेले. म्हणजे वाट चुकूनही बरोबर होती किंवा ते चुकले होते. तारपा सुरू झाला, पोरांनी फेर धरला. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्यात बोर्डीची नीरा अजून काम करत होती, त्या फेरात शिरले. पाऊण तास ते गोल गोल धावत होते. त्यांच्या घड्याळाने त्याचे साडेचार किलोमीटर मोजले आणि तिथेच टाळ्यांचा आवाज काढून त्यांची अर्धी मॅरेथॉन पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ते समाधानाने खाली बसले.

आम्ही मात्र पाड्यात पुढे गेलो, आणि कप्तान सवयीने घड्याळाकडे बघून ओरडले, “अडीच किलोमीटर राहिले!”

एका क्षणात ओट्यांवरची सगळी माणसं उभी राहिली.

गेल्या काही वर्षांत या मुलखातून काय काय न्यायचं ठरलं, ते आठवा. बुलेट ट्रेन, वडोदऱ्याचा द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग, किनाऱ्याला वाढवणचं बंदर. प्रत्येकाच्या आधी एक फौज येते. डोक्यावर टोप्या, अंगात एकसारखे शर्ट, छातीवर कागद, हातात यंत्र. ती यंत्राकडे बघून आकडे ओरडते आणि जमिनीवर पांढऱ्या खुणा करते. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच होता, की ते पगारी होते.

“मोजणीवाले आले!” एक पोरगं ओरडत गेलं.

आमच्याभोवती कोंडाळं जमलं. पुढे एक म्हातारे बाबा, हातात काठी.

“कुठल्या खात्याचे?”

“खात्याचे नाही, बाबा,” कप्तान म्हणाले. “आम्ही फक्त धावतोय.”

“कोण लागलंय मागे?”

“कोणी नाही. आम्ही आपले आपण धावतो.”

“किती मिळतात?”

“मिळत नाहीत. आम्हीच पैसे भरलेत.”

“कोणाला?”

कप्तान जरा घोटाळले. “मला,” ते म्हणाले.

बाबांनी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सगळ्या भाषांत एकच होतो. मग त्यांचं लक्ष माझ्या छातीकडे गेलं आणि त्यांचा चेहरा पालटला.

“हा बघा! गट नंबर लावून आलाय! एकशे सात माझा आहे! एकशे सात कोणाला देणार नाही मी!”

खालचं खाचर, विहिरीपासून बांधापर्यंत, गट नंबर १०७, सातबारा त्यांच्या आज्याच्या नावापासून. ११२ चे धनी पण आले. डॉक्टरांच्या पाठीवर ११२ होता. ते पाठीवर का लावून फिरत होते देव जाणे; पण त्यामुळे त्यांना आधी कळलंच नाही की त्यांच्यामागे त्यांच्या जमिनीचे मालक चालत आहेत. फक्कीचे बाण कुठे गेले, त्याचाही उलगडा झाला. पहाटे चार बायांनी मिळून ते पुसले होते. “रस्ता इथून वळवताय वाटलं,” त्यांतली एक मावशी म्हणाली. “चांगलं शेण घालून पुसलं.”

मी माझा क्रमांक काढून बाबांच्या हातात दिला. त्याने संशय वाढला. जमीन परत केल्यासारखं ते दिसत होतं, म्हणजे आधी घेतली होती हे सिद्ध झालं.

“कागदावर लिहून द्या,” बाबा म्हणाले.

“काय?”

“तुम्ही मोजणीवाले नाही. आमची जमीन घेणार नाही.”

कप्तान मॅरेथॉनचे नियम बारा पानी लिहिणारे. खाली बसले, १०७ च्या कागदाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आम्ही खाली सही करणार मोजणीवाले नाही. आम्ही केवळ धावत असून या पाड्यातील कोणाचीही जमीन आम्ही घेणार नाही, मोजणार नाही किंवा तिच्यावर डोळा ठेवणार नाही.’ खाली तारीख, अकरा सह्या. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “शिक्का?”

सगळे गप्प झाले. इतक्यात डॉक्टरांनी कमरेची चेनवाली पिशवी उघडली. स्पर्धकांना तंदुरुस्तीचे दाखले द्यायला म्हणून त्यांनी दवाखान्याचा गोल शिक्का सोबत आणला होता. त्यांनी तो तोंडाने हा हा करून ओला केला आणि दाबून मारला. जांभळा, ठसठशीत, त्यात नोंदणी क्रमांक. कोंडाळं सैल झालं. कोणीतरी खाट टाकली, कोणीतरी पाणी आणलं. मला मात्र खाट हलल्यासारखी वाटली.

“माझे पाय थरथरतायत की जमीन?” मी डॉक्टरांना विचारलं. धुंदलवाडी-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची रांग लागली होती, हे डोक्यात होतंच.

“हे तुमचे पायच,” पाणी देणारी मावशी म्हणाली. “जमीन हलली की आधी भांडी वाजतात.”

निघताना बाबांनी कप्तानांना बाजूला घेतलं. “तुमची माणसं बरी आहेत. असाच एक कागद त्या पहिल्या मोजणीवाल्यांनाही द्यायला सांगा की.”

कप्तान म्हणाले, “सांगतो.” त्यांची ओळख तलाठ्यापलीकडे जात नाही.

उरलेले अडीच किलोमीटर आम्ही गावच्या टेम्पोतून गेलो. मेहुण्यांच्या वाडीत पोहे गार झाले होते, पण पदकं तयार होती. कोणी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून कप्तानांनी वयोगट इतके बारीक पाडले होते, की प्रत्येकजण आपल्या गटात पहिला आला. फक्त मी दुसरा आलो. माझ्या गटात मी आणि ते लेखापाल होतो, आणि त्यांचं अंतर माझ्याहून एका राज्याने जास्त भरलं.

थोड्याच दिवसांनी चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली. गट टी-शर्ट घालून गेला, पदकंही गळ्यात. देवीचं मूळ ठाणं मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर भक्तीण दर्शनाला चढताना चक्कर येऊन पडली, तेव्हा देवीने सांगितलं की तू येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. अशी आख्यायिका आहे. आमचे गुडघे पाहता देवीने ही सोय दूरदृष्टीने केली होती. आम्ही पायथ्याच्या देवळातच भक्तिभावाने थांबलो. पण पौर्णिमेच्या मध्यरात्री मात्र वाघाडीचे पुजारी देवीचा ध्वज घेऊन त्या डोंगरावर जातात. धावत. रात्री. वर धड वाट नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान तो. ना बूट, ना जेल, ना छातीवर नंबर.

कप्तान अस्वस्थ झाले. खेळणीवाल्याकडे जाऊन म्हणाले, “दादा, त्यांना वर जायला किती वेळ लागतो?”

“ध्वज लागेपर्यंत.”

“तसं नव्हे. किलोमीटरला किती मिनिटं?”

खेळणीवाल्याने त्यांच्या गळ्यातलं पदक हातात घेतलं, वजन पाहिलं. “हे केवढ्याला पडलं?” त्याने विचारलं. “माझ्याकडे वीसला आहे.”

एवढ्यात गर्दीतून हाक आली, “अरे, एकशे सात!”

काठीवाले बाबा. सोबत दहा-बारा पाहुणे. मला हाताला धरून त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं. “हेच ते. यांनी लिहून दिलंय. घरात पत्र्याच्या पेटीत ठेवलाय कागद.”

पाहुणे आदराने पुढे झाले. त्यांतले एक फेटेवाले म्हणाले, “आमचं गाव चारोटीच्या पलीकडे. आमच्याकडून पण जातोय म्हणतात तो रस्ता. पुढच्या रविवारी या ना आमच्याकडे धावायला.”

कप्तानांची छाती फुगली. “डोंगर आहे?”

“आहे.”

“वाळवंट?”

“तुम्ही म्हणाल ते आहे,” फेटेवाले म्हणाले. “तुम्ही नाही पळालात तरी चालेल. त्या शिक्केवाल्या डॉक्टरांना मात्र आणा.”